चिलीतल्या बायकांचं शिवणकाम

सेन्सॉरशिपमध्ये कला प्रतीकांच्या आड लपते आणि मग ती शिकल्यासवरल्यांनाच कळते, हे म्हणणं मला पटत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीचं बघा. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करप्रमुख पिनोचेच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं उचलली जाऊ लागली. कोणाचा नवरा, कोणाचा लेक. घरचे चौकशीला गेले की अधिकाऱ्यांचे हात वर.

राजधानी सांतियागोच्या गरीब वस्त्यांतल्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून शिवायला लागल्या. खाली गोणपाट, वर चिंध्यांची चित्रं. त्यांना 'आर्पियेरा' म्हणतात. लांबून लहान मुलाने काढलेलं चित्र वाटावं: मागे अँडीजचे डोंगर, कोपऱ्यात सूर्य, रंगीत घरं. जवळ गेलं की दिसतात पोलीस, बंद कारखाना, फोटो धरून उभ्या बायका आणि टाके घालून लिहिलेला प्रश्न: कुठे आहेत ते? काहींनी तर बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा लावला. काही कापडांच्या पाठीला छोटा खिसा, त्यात हकिकतीची चिठ्ठी. ही कापडं गुपचूप परदेशात गेली, विकली गेली, त्या पैशावर घरच्या चुली पेटल्या. यात न कळण्यासारखं काय आहे?

मला सगळ्यात जास्त हलवून टाकतो तो १९७८ चा नाच. 'क्वेका' हा तिथला जोडीने, हातात रुमाल घेऊन करायचा नाच. या बायका तो एकट्या नाचल्या. छातीवर आपल्या माणसाचा फोटो टाचलेला, समोर जोडीदाराची जागा रिकामी.