इथं विकत नाहीत म्हणून घ्यायचंच नाही?

पाटीपेन्सिल: काल इथंच एकांनी लिहिलं की परदेशातून वस्तू मागवणारे निव्वळ मिरवायला मागवतात आणि बिघडली की गळे काढतात. दिवसभर ते डोक्यात घोळतंय म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या आईची नजर सहा वर्षांपासून उतरत चाललीय, समोरचं पुसट आणि कडेचं तेवढं दिसतं. टॅबलेटवर वाचलं की अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी. १३ इंची ई-इंक रीडर (कागदासारख्या पडद्याचं वाचनयंत्र) इथं कुणी विकत नव्हतं, शेवटी बाहेरून मागवला. आता अक्षर बोटाच्या पेराएवढं करून, रीडर मांडीवर तिरका धरून, मान जराशी वळवून ती रोज दोन तास वाचते. यात मिरवणं कुठं आलं? कंपनीला आपला बाजार लहान वाटतो म्हणून आईनं वाचायचं सोडायचं का?

निशाचर: ते मीच लिहिलं होतं. आई वाचतायत हे चांगलंच आहे, पण माझा मुद्दा तुम्ही अर्धाच घेतलात. मी बाहेरून लॅपटॉप घेतला होता, दीड वर्षात बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला, क्लिक होईना. इथल्या सर्व्हिस सेंटरनं सिरीयल नंबर बघून सांगितलं, हा आमच्याकडचा नाही. कंपनी म्हणते जिथून घेतला तिथं पाठवा. अहो, फुगलेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला बंदी आहे, कुरियरवाला हात लावेना! चार महिने तो तसाच पडून होता आणि माझं काम बुडालं ते वेगळंच.

जुनासोल्डर: वॉरंटीवर सगळे भांडतात, विजेचं कुणी बोलत नाही. चार्जरवर बारीक अक्षरात "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) तर नुसती पिन बदलून भागतं. नुसतं १२० लिहिलेला हीटर २३० च्या सॉकेटात लावलात तर साडेतीन पटीहून जास्त पॉवर खेचेल आणि जळेल.

तिसरीघंटा: स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की विषय संपला, एवढा बाऊ कशाला?

जुनासोल्डर: संपत नाही! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. काकांनी ६० हर्ट्झचा रेकॉर्ड प्लेयर आणला होता, मोटर विजेच्या तालावर फिरणारी. ५० हर्ट्झवर तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे घ्यायची, सूर तीन पट्ट्या खाली, बाईचा आवाज पुरुषासारखा यायचा. काका महिनाभर सुईला दोष देत बसले. शेवटी मोटरवरची कप्पी मोठी बसवली तेव्हा गाणं जागेवर आलं.

तिसरीघंटा: ही जुन्या काळातली गोष्ट झाली. आता बहुतेक ठिकाणी डीसी मोटर असते, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही. आणि जपानचं बघा की, पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०, लोक घर बदलतात आणि तीच यंत्रं वापरतात.

जुनासोल्डर: वापरतात, कारण तिथले कारखाने दोन्ही धरून बनवतात. १८९० च्या दशकात टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, ते आजतागायत निस्तरतायत. पण व्होल्ट दोन्हीकडे १००च आहेत, त्यामुळे तुमचं उदाहरण इथं लागू होत नाही. डीसी मोटरचं मात्र मान्य.

कोराकागद: तुम्ही दोघं विजेच्या खांबावरून उतराल का? खरा राग कंपन्यांवर धरा. माझ्या फोनमध्ये व्होएलटीई (फोरजीवरून कॉल करायची सोय) आहे, बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) जुळतात, इंटरनेट सुसाट चालतं. पण ऑपरेटरच्या मंजूर यादीत मॉडेल नाही म्हणून कॉल लागत नाही. पूर्वी कॉल थ्रीजीवरून जायचे, ते बंद झालं त्या दिवसापासून माझ्या हातात फोन नाही, छोटा टॅबलेट आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या १४ पासून सिमचा ट्रेच नाही, तो आणला आणि आपला ऑपरेटर ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं सिम) देत नसेल तर काय करायचं? वस्तू माझी, पैसे माझे, आणि ती कुठं चालणार हे दुसऱ्यानं ठरवायचं!

निशाचर: मग मी वेगळं काय सांगतोय? हे सगळं आधी माहीत असतं, तरी लोक घेतात.

कोराकागद: माहीत नसतं! बँडची यादी मी तीन वेळा तपासली होती. मंजूर यादी असते हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि खोक्यावरही लिहिलं नव्हतं. घेणाऱ्याला शहाणपण शिकवू नका.

पाटीपेन्सिल: निशाचर, तुमच्या कामाचं नुकसान झालं ते मी हलक्यात घेत नाहीये. पण "मिरवायला" हा शब्द मागे घ्या.

निशाचर: बरं, घेतला. आईंच्या बाबतीत मागे घेतला, सगळ्यांच्या बाबतीत नाही. पण एक सांगा, त्या रीडरला किती वर्षं झाली? बॅटरी गेली तर काय करणार?

पाटीपेन्सिल: तीन झाली. पूर्वी चार्जिंग तीन आठवडे पुरायचं, आता नऊ-दहा दिवस. खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आईला अजून सांगितलेलं नाही.

जुनासोल्डर: मागचं झाकण स्क्रूचं आहे की चिकटवलेलं?

पाटीपेन्सिल: चिकटवलेलं.

जुनासोल्डर: मग कड हळूहळू गरम करून सोडवावी लागेल. घाई करू नका, ई-इंकच्या पडद्यात बहुधा फार पातळ काच असते, वाकली की गेली. बॅटरीवर व्होल्ट आणि एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिलेले असतील, तारा किती ते मोजून घ्या, त्या मापाची दुसरी मिळू शकते. मॉडेल नंबर टाका, आज रात्री बघतो.