मदत हवी आहे : खाते एनपीए (बुडीत कर्ज) होण्याआधी बँकेच्या, अडचणीतल्या लघुउद्योगांसाठीच्या समितीकडे अर्ज कसा लावायचा?

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग युनिटसाठी विचारतोय. १४ कामगार, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी आहे, ३८ लाखांचे कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल. व्यापाऱ्यांकडे पैसे अडकल्याने खाते मर्यादेच्या वर गेले असून सध्या एसएमए-१ मध्ये, म्हणजे थकबाकीच्या ३१ ते ६० दिवसांच्या टप्प्यात आहे. ९० दिवस उलटले की एनपीए.

रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०१६ च्या परिपत्रकानुसार २५ कोटींपर्यंत कर्जमर्यादा असलेला अडचणीतला लघुउद्योग कर्ज सावरण्यासाठी बँकेकडे स्वतःहून अर्ज करू शकतो. १० लाखांच्या वरची प्रकरणे बँकेच्या समितीकडे जातात. हप्ते-मुदत बदलून पुनर्रचना तिथेच ठरते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली, पण एनपीए होण्याआधी आपण लघुउद्योग असल्याचे कागदपत्रांनिशी बँकेला कळवायला हवे, असेही सांगितले. बरीच युनिट इथेच फसतात : व्यवस्थापकाशी तोंडी बोलतात, पोच घेत नाहीत.

नेमके हवे ते असे. शाखेने अर्ज घ्यायलाच नकार दिला तर रजिस्टर पोस्ट आणि विभागीय कार्यालयाला ईमेल एवढे पुरेल का? पुढच्या रोकड-प्रवाहाचा तक्ता समिती किती महिन्यांचा मागते? आणि ४५ दिवसांवर थकलेल्या बिलांसाठी समाधान पोर्टलवर (लघुउद्योगांच्या थकलेल्या येण्यांसाठीचे सरकारी संकेतस्थळ) दावा टाकला, तर समिती ती येणी हिशेबात धरते का? दावा टाकला की व्यापारी सूत देणे थांबवतो, ही खरी भीती आहे. माग बंद पडले तर कामगार टिकणार नाहीत.

ज्यांनी असा अर्ज मंजूर करून घेतलाय, त्यांनी नमुना द्यावा.