गावातून फ्रीलान्सिंग, सोबत शेती: आयकर रिटर्न कोणतं आणि कसं भरायचं?

पांढरकवडा_कोडर
नमस्कार मंडळी. २०२५-२६ सालासाठी सल्ला पाहिजे. काम वेबसाइट आणि ॲप बनवायचं, सगळं घरून. पुण्याच्या एका कंपनीला वर्षभरात ९ लाख ६० हजारांची बिलं दिली, त्यांनी १० टक्के टीडीएस कापला. परदेशी प्लॅटफॉर्मवरून ६ लाख खात्यात आले, कमिशनचे ६६ हजार त्यांनी आधीच कापून घेतले. शेती दहा एकर: सहा एकर बाबांच्या नावानं, चार माझ्या. माझ्या चार एकरांतून कापूस-तुरीचा खर्च जाऊन दीडेक लाख उरतात. सेतूवाला म्हणतो, ५०० रुपयांत आयटीआर-१ भरून देतो. भरू का? जीएसटी घ्यावा लागेल का?

हिशोबी_बाप्पू
भाऊ, आयटीआर-१ अजिबात नको. तो पगारदार आणि पेन्शनवाल्यांचा फॉर्म. तुमचा टीडीएस कलम १९४जे (व्यावसायिक फीचं कलम) खाली कापलेला दिसणार, म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न, आणि फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. मग कलम १३९(९) ची नोटीस येते, १५ दिवसांत दुरुस्त करून द्यावं लागतं. नाही दिलं त रिटर्न भरलंच नाही असं धरतात, रिफंड तिथंच अडकतो.

तुमचं काम आयकराच्या कलम ४४एडीए मध्ये बसतं. तांत्रिक सल्ला आणि माहिती तंत्रज्ञान दोन्ही त्या यादीत आहेत. एकूण जमेच्या निम्मा नफा धरायचा, हिशोबाची वही ठेवायची गरज नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल त ७५ लाख.

जमा म्हणजे बँकेत आलेली रक्कम नव्हे, इथंच बहुतेक जण घसरतात. पुण्याचे पूर्ण ९,६०,००० धरा, टीडीएस वजा करून ८,६४,००० नाही. परदेशचे ६,६६,०००, कमिशनसकट. बेरीज १६,२६,०००, निम्मे ८,१३,०००. कमिशन वेगळा खर्च म्हणून दाखवता येत नाही, ते त्या निम्म्यात आलं. लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, सगळं त्यातच.

तूर_आणि_तार
बाप्पूंच्या उत्तरात शेतीचं राहिलं, आणि आपल्याकडं खरी गोची तिथंच होते. ४४एडीए वाले सहसा आयटीआर-४ भरतात. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. निम्म्या नफ्याची सवलत त्यातही मिळते, फॉर्म तेवढा लांबलचक.

दुसरं, शेती कोणाची ते आधी ठरवा. बाबांच्या नावचे सहा एकर बाबाच वाहतात ना? मग ते उत्पन्न बाबांचं, तुमच्या रिटर्नमध्ये नको. तुमच्या सातबाऱ्याचे चार एकर तेवढे दाखवा. बाजार समितीची किंवा जिनिंगची पट्टी ज्याच्या नावची, पैसा त्याच्याच खात्यात जाऊ द्या. बाबांच्या कापसाचा चुकारा तुमच्या खात्यात पडला त उद्या कोणी विचारल्यावर तो फ्रीलान्सिंगचा नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. सातबारा, आठ-अ, पट्ट्या आणि बी-खताच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवा. शेतीवर कर नाही म्हणून लोक पट्ट्या फेकून देतात, तो वेडेपणा आहे.

पांढरकवडा_कोडर
दादा, शेती करमुक्त आहे ना? मग दाखवायची कशाला?

तूर_आणि_तार
करमुक्त आहे, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ती जोडतात. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५. तुमचंच गणित घ्या:

८,१३,००० अधिक शेतीचे १,५०,००० = ९,६३,०००. यावर कर ३६,३००.
मग शेतीचे १,५०,००० अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख = ५,५०,०००. यावर ७,५००.
फरक २८,८००.

तुमचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य. ही १२ लाखांची मर्यादा मोजताना शेती धरत नाहीत. म्हणजे कापलेले ९६,००० पूर्ण परत येतील. बँकेचं व्याज असेल त तेवढं जोडून पुन्हा मांडा.

पण सूट जास्तीत जास्त ६०,००० च. समजा एखाद्याचं व्यवसायाचं ११ लाख आणि शेतीचं ३ लाख. १४ लाखांवर ९०,०००, त्यातून ७ लाखांवरचे १५,००० गेले, राहिले ७५,०००. सूट ६०,०००, उरले १५,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण १५,६०० भरावे लागतात. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" एवढंच ऐकून बसलेला कास्तकार इथं फसतो.

वरुडची_संत्री
माझं काम भाषांतर आणि कंटेंट रायटिंगचं. ४४एडीए मलाही लागू होतं का?

हिशोबी_बाप्पू
ताई, यादी ठरलेली आहे: वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, चित्रपट कलावंत, कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञान वगैरे. भाषांतर त्यात नाही. बरेच जण तरी भरतात, पण माझं मत विचाराल त प्रत्यक्ष खर्च मांडून आयटीआर-३ भरा. भाषांतरात खरा खर्च निम्म्यापर्यंत जात नाही, म्हणून निम्म्याचा मोह होतो, तेही कळतं.

खर्चात काय बसतं: इंटरनेट, कामापुरती वीज, इन्व्हर्टरची बॅटरी, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी. लॅपटॉप एकदम खर्चात टाकायचा नाही, वर्षाला ४० टक्के घसारा. ६०,००० चा घेतला त पहिल्या वर्षी २४,०००. दिवाळीत घेतला त वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरतो, मग निम्मा, १२,०००. आणि दुकानदाराला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, त्या रकमेवर घसारा मिळत नाही. यूपीआय करा, बिलावर स्वतःचं नाव घ्या.

पांढरकवडा_कोडर
आणि जीएसटी? ॲडव्हान्स टॅक्स?

हिशोबी_बाप्पू
जीएसटी सेवांसाठी २० लाखांच्या वर. त्यात परदेशचं कामही मोजतात, त्यावर जीएसटी शून्य असला तरी. तुम्ही १६ लाखांवर आहात, आताच घेऊ नका. एकदा नंबर घेतला की काम नसलं तरी रिटर्न भरावं लागतं, उशीर झाला की कोऱ्या रिटर्नलाही दिवसाला २० रुपये. २० लाख ओलांडले की मात्र ३० दिवसांत नोंदणी करा आणि दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता परदेशी बिल करण्याचं हमीपत्र (फॉर्म आरएफडी-११), भरा. तो नसेल त परदेशच्या बिलावरही १८ टक्के आधी भरून मग परत मागत बसावं लागतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याची पावती, प्लॅटफॉर्मवरून किंवा बँकेतून आताच उतरवून घ्या.

ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायचा आयकर, यंदा तुम्हाला नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त देणं उरलं तरच तो लागतो. ४४एडीए वाल्यांना चार हप्ते नाहीत, सगळं १५ मार्चपर्यंत एकदम. ज्याचं सगळं काम परदेशचं आणि जमा २६ लाख, त्याचा नफा १३ लाख, कर ७५,००० अधिक सेस, म्हणजे ७८,०००. टीडीएस एक रुपया नाही. त्यानं १५ मार्च चुकवला त १ टक्का व्याज, आणि एप्रिल लागल्यावर दर महिन्याला आणखी १ टक्का. चलन ई-पे टॅक्समधून भरताना कर-निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, २०२६-२७ निवडा. तिथं २०२५-२६ टाकलं की पैसे भलत्याच वर्षात जमा होतात.

तूर_आणि_तार
प्रोफेशन टॅक्स विसरू नका, राजेहो. तांत्रिक सल्लागाराला महाराष्ट्रात पीटीईसी, म्हणजे या कराची स्वतःच्या नावची नोंदणी, लागते; कर वर्षाला २,५००, मुदत ३० जून. आयकराशी त्याचा संबंध नाही, राज्याच्या जीएसटी खात्याच्या साइटवर भरायचा.

कोडर भाऊ, फॉर्म उघडण्याआधी आयकर पोर्टलवरून २६एएस (कापलेल्या टीडीएसची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची यादी) उतरवा. पुण्याचे ९६,००० तिथं दिसत नसतील त कंपनीच्या अकाउंटवाल्याच्या मागं लागा: तुमचा पॅन चुकला असेल, नाही त त्यांनी मार्च तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरलेलं नसेल. फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागून घ्या. बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा, पॅनवर आणि पासबुकात नाव वेगळं असलं की ते होत नाही, आणि रिफंड तिथंच थांबतो. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीनं व्हेरिफाय करायचं. आधारला जुना बंद नंबर जोडलेला असेल त आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या.