मेल सर्व्हरला साटा डिस्क आणि रेड ५? नका करू

रात्रपाळी: काल इथे सल्ला वाचला, "मेल म्हणजे नुसता मजकूर. चार साटा डिस्क घ्या, रेड ५ करा, एसएसडीवर पैसे कशाला घालवायचे?" साटा म्हणजे इथे साध्या फिरत्या डिस्क, एसएसडी म्हणजे चिपवरची वेगवान डिस्क; रेड ५ म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर वाटायचा आणि एक डिस्क गेली तर तो परत उभा करायचा हिशेब (पॅरिटी) सोबत ठेवायचा. कुणी नवखा हे वाचून ऑर्डर टाकेल, म्हणून लिहितोय. मेलला जागा पुरते, डिस्कचा वेग पुरत नाही. मेल डिस्कवर पक्का उतरेपर्यंत पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) समोरच्या सर्व्हरला '२५०', म्हणजे 'मेल मिळाला', असं उत्तर देत नाही. मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल, वर डवकॉटचे (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्राम) इंडेक्स. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला फार तर शंभरेक रँडम आयओ (विखुरलेली वाचन-लेखनं) देते. रेड ५ मध्ये एका छोट्या राइटला चार आयओ लागतात: जुना डेटा वाचा, पॅरिटी वाचा, मग दोन्ही लिहा. चार डिस्क मिळून चारशे आयओ, म्हणजे सेकंदाला शंभरच राइट. सकाळी सगळ्यांनी एकदम मेल उघडले की संपलं.

पतसंस्थावाला: सल्ला माझाच होता. आमचे ८० मेलबॉक्स याच सेटअपवर चालतात, कंट्रोलरला (डिस्क सांभाळणारं कार्ड) बॅटरीवाली कॅश आहे, राइट आधी तिच्यात जातात. संचालकांकडून एसएसडीचं कोटेशन मंजूर करून आणा, मग बोला.

रात्रपाळी: मग कॅश आहे हे आधीच लिहायचं ना! बॅटरी गेली की बहुतेक कंट्रोलर राइट-थ्रूवर (प्रत्येक राइट डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) येतात आणि मेलची रांग, म्हणजे क्यू, तुंबते.

टेपवाले काका: एसएसडीवरही एवढा भरवसा नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईनेच कळवलं होतं की त्यांच्या काही सॅस (सर्व्हरमधल्या जोडणीचा प्रकार) एसएसडी फर्मवेअरच्या (डिस्कमधल्याच सॉफ्टवेअरच्या) दोषाने ३२,७६८ तास भरले की बंद पडतात, डेटाही जातो. एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकदमच जाणार. तिथे रेड १० (डेटाची हुबेहूब प्रत, म्हणजे मिरर, दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी मांडणी) काय करेल? बॅकअप कुठाय, ते सांगा.

रात्रपाळी: त्यावर दुरुस्त फर्मवेअर आलं होतं, काका. आणि विषय डिस्कचा चाललाय.

टेपवाले काका: विषय मेल वाचवण्याचा आहे! आमच्या एका क्लायंटकडे अकाउंटंटने अख्खं फोल्डर डिलीट केलं. मिररने ते दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडवलं. जीएसटीची नोटीस त्याच फोल्डरमध्ये होती. टेप होती म्हणून निभावलं.

पतसंस्थावाला: टेप आजकाल ठेवतं कोण?

टेपवाले काका: ज्याला रात्री झोप हवी तो. तुमच्या ८० मेलबॉक्सचा रिस्टोअर शेवटचा कधी करून पाहिलात?

पतसंस्थावाला: तो आमचा अंतर्गत प्रश्न आहे. आवाज चढवू नका.

रात्रपाळी: म्हणजे केलेला नाही. काका, बॅकअपचं मान्य, पण त्याने डिस्कचा वेग वाढत नाही. पतसंस्थावाले, निदान क्यू आणि इंडेक्स तरी दोन एसएसडींच्या मिररवर हलवा. वीज गेल्यावर कॅश वाचवणाऱ्या कपॅसिटरच्याच घ्या, लॅपटॉपवाल्या नकोत. मेल राहू द्या साटावर.

पतसंस्थावाला: दोनच म्हणत असाल तर कोटेशन मागवतो. रेड ५ मात्र मोडणार नाही.