जाणीव, चेतना, संवेदना: ऑक्टोपसला यातलं नेमकं काय असतं?

प्रश्न

आठवी-नववीच्या मुलांसाठी ऑक्टोपसवर लेख लिहिते आहे. संदर्भासाठी वाचलेल्या मजकुरात ‘कॉन्शसनेस’ आणि ‘सेन्शन्स’ हे दोन शब्द सारखे येतात. पहिल्यासाठी मी कधी ‘चेतना’ लिहिलं, कधी ‘जाणीव’, दुसऱ्यासाठी ‘संवेदनशीलता’. संपादकांचं म्हणणं, सगळीकडे ‘चैतन्य’ करा. ‘ऑक्टोपसमध्ये चैतन्य असतं’ हे वाक्य मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

खटकतंय ते योग्यच आहे. मराठीत चैतन्य सळसळतं, वातावरणात पसरतं, आणि वेदान्तात तर ते चराचराला व्यापून असतं. मग ते ऑक्टोपसमध्ये आहे आणि शिंपल्यात नाही, असं म्हणायला जागाच राहत नाही. जीवशास्त्राला नेमका तोच भेद तपासायचा आहे. दोघंही मृदुकाय संघातले, म्हणजे एकाच घराण्यातले. पण शिंपल्याच्या चेतासंस्थेत मोजक्याच गाठी, तर साध्या ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी.

‘चेतना’ जवळचा आहे, पण दोन अडचणी. एक, चेतापेशी आणि चेतासंस्था हे शब्द मुलांच्या पुस्तकातच आहेत, त्यामुळे चेतना म्हणजे चेतासंस्थेचं काम, असं ती समजतील. दुसरी जुनी आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचं वर्णन करताना इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्यासोबत चेतना वेगळी मोजली आहे. आपल्याला तर सुखदुःख ज्याच्या पोटात येईल असा शब्द हवा.

माझं मत ‘जाणीव’.

प्रतिसाद

‘जाणीव’ मलाही आवडतो, पण तो फार मोठा नाही का होत? ‘सामाजिक जाणीव’, ‘जबाबदारीची जाणीव’, ‘जाणीव करून देणे’. यात विचार आहे, समज आहे. ऑक्टोपसबद्दल एवढं बोलायचं नसेल तर ‘संवेदना’ पुरेसा आहे. त्याच्या प्रत्येक चोषकाला स्पर्शही कळतो आणि चवही.

प्रतिसाद

‘संवेदना’ पुरत नाही, आणि ते दाखवून द्यायला ऑक्टोपसइतका चांगला प्राणी नाही. त्याच्या निम्म्याहून जास्त चेतापेशी डोक्यात नसून आठ भुजांमध्ये असतात. शरीरापासून तोडलेली भुजासुद्धा काही वेळ चिमटा काढला की मागे सरते. तिथे संवेदना आहे, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण दुखतंय कोणाला?

हा ‘ला’ मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत आपण ‘मला दुखतं’, ‘तिला उकडतं’, ‘बाळाला भूक लागली’ असं म्हणतो. ज्याला अनुभव येतो त्याला चतुर्थी. दगड तापतो, पण ‘दगडाला उकडतं’ असं कोणी म्हणत नाही. लाजाळूची पानं मिटतात, पण तिला लाज वाटते हे आपण कवितेत म्हणतो, वनस्पतिशास्त्रात नाही. शास्त्रज्ञ ज्याच्या मागे आहेत तो प्रश्न मराठीत सरळ विचारता येतो: ऑक्टोपसला दुखतं का?

सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबिन क्रुक यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नावर होता. ऑक्टोपसला आधी जो कप्पा आवडत होता, त्याच कप्प्यात त्याला भुजेत सौम्य ॲसिटिक आम्लाचं इंजेक्शन दिल्यानंतर ठेवलं. पुढे तो त्या कप्प्याकडे जाईनासा झाला. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांनी कप्पा टाळला नाही. आम्ल टोचलेल्यांना मग बधिर करणारं लिडोकेन दिलं, तर ते जिथे मिळालं तो कप्पा त्यांना आवडू लागला. ज्यांना दुखापतच नव्हती त्यांना लिडोकेनचं काही अप्रूप नव्हतं. शिवाय आम्ल टोचलेली जागा ते चोचीने कुरतडत राहिले, तिथली कातडी निघेपर्यंत. लिडोकेननंतर ते थांबलं.

चिमट्याला मागे सरणारी भुजा असा कप्पा लक्षात ठेवून टाळत नाही. इथे प्राण्याने त्रासाची आणि सुटकेची जागा ध्यानात ठेवली आणि पुढे त्यावरून निवड केली. यालाच मी निःसंकोच ‘जाणीव’ म्हणेन. सामाजिक जाणीव हा त्याच शब्दाचा पुढचा विस्तार. मूळ ‘जाणणे’ साधंच आहे.

प्रतिसाद

यात बुद्धी मिसळू देऊ नका, एवढी विनंती. ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडतो, इंडोनेशियातले काही जण नारळाच्या करवंट्या सोबत वाहून नेतात आणि गरज पडली की त्यात लपतात (हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं). ही बुद्धीची उदाहरणं. हुशार नसलेल्या प्राण्यालाही दुखू शकतं, आणि बुद्धिबळात जिंकणाऱ्या यंत्राला काहीच दुखत नाही.

आणि लेखात ‘ऑक्टोपस हा अतिशय उत्क्रांत प्राणी’ असं कृपया लिहू नका. ‘उत्’ या उपसर्गातच वर जाणं आहे, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर शिडी उभी राहते आणि वरच्या पायरीवर माणूस. आपला आणि ऑक्टोपसचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही आधीचा, बहुधा एखादा लहानसा कृमीसारखा जीव. तिथून दोन वाटा फुटल्या आणि मोठे मेंदू दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडले. जाणीवही अशी दोनदा उपजली, की त्या पूर्वजातच तिची सुरुवात होती? मला तरी या विषयातला सगळ्यात थरारक प्रश्न हाच वाटतो. मुलांपुढे तो उघडाच ठेवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ‘सेन्शन्स’साठी एकच शब्द शोधण्याऐवजी ‘सुखदुःख जाणवण्याची क्षमता’ असं लिहिलं तर चालेल? संदर्भ ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्याचा आहे. त्यात ऑक्टोपस, माकूल, खेकडे आणि शेवंड यांनाही घेतलं आहे. आणि शेवटच्या भागाचं शीर्षक ‘जाणीवेची उत्क्रांती’ ठेवते.

प्रतिसाद

चालेल, छान आहे. ‘संवेदनशीलता’पेक्षा नक्कीच बरं, कारण तो शब्द आता हळव्या माणसांसाठी आणि तणावग्रस्त मतदारसंघांसाठी वापरला जातो. शीर्षकात मात्र ‘जाणिवेची’ करा. सामान्यरूपात ‘णी’ ऱ्हस्व होतो: जाणीव, जाणिवेची, नेणीव, नेणिवेत, उणीव, उणिवा.