आईची जुनी लीड काढावी की राहू द्यावी?

आईला ११ वर्षांपूर्वी डिफिब्रिलेटर (हृदयाची लय धोकादायक झाली तर शॉक देणारं यंत्र) बसवलाय. त्यातून शिरेवाटे हृदयापर्यंत जाणारी वायर म्हणजे लीड. परवा कपडे वाळत घालायला हात वर केला आणि शॉक बसला. हृदय व्यवस्थित चाललं होतं. लीडची तार आतून तुटलीय, तिथली खरखर यंत्राला धोक्याची लय वाटली. एक डॉक्टर म्हणतात काढू, दुसरे म्हणतात ती राहू दे, शेजारून नवी घालू. काय करावं?

उत्तर :
माझी काढली, पण मला पर्यायच नव्हता. कातडीखाली यंत्र ठेवतात त्या खिशावरची कातडी लाल होऊन पू आला होता. संसर्ग असला की यंत्र आणि सगळ्या लीड बाहेर, नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. तुमच्याकडे संसर्ग नाही, म्हणजे विचाराला जागा आहे. इतक्या वर्षांत लीड शिरेला नि हृदयाला चिकटते. लीडवरून नळी सरकवत लेझरने ती चिकटण सोडवतात. क्वचित मोठी शीर फाटते, म्हणून छाती उघडणारे सर्जन तयार हवेत. ‘अशा किती केल्यात?’ हे बेधडक विचारा. मी विचारलं, डॉक्टर रागावले नाहीत.

उत्तर :
आधी शिरेत डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून जागा बघतात. शीर बंद असेल तर शेजारून नवी कशी जाणार? आणि हो, टाकून दिलेली लीड पुढे एमआरआयला आडवी येऊ शकते.

प्रश्नकर्ती :
डायची तपासणी सोमवारी आहे. आई एवढंच विचारतेय, दोरीवर कपडे कधी घालू?

उत्तर :
नवी लीड बसल्यावर काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नाही. दोरी खाली बांधा!