स्वतःच स्वतःला दिलेलं काम: उन्हाळी पेयाची बाटली काही केल्या 'उन्हाळी' दिसेना

ओलीबाटली:
प्रॉडक्ट फोटोग्राफीत शिरायचंय, पण काम नाही म्हणून पोर्टफोलिओ नाही आणि पोर्टफोलिओ नाही म्हणून काम नाही. शेवटी मीच माझा क्लायंट झालो. एका उन्हाळी पेयाच्या ब्रँडसाठी तीन फोटोंची मालिका करायची ठरवली. ब्रँडला याचा पत्ताही नाही. मुदत नसल्यामुळे तीन रविवार गेले आणि हाती एकच फोटो लागला, तोही रडका.

हिरव्या काचेची बाटली, १०० एमएम मॅक्रो (जवळून टिपायची लेन्स), एफ/११ छिद्र, एक स्पीडलाइट (छोटा फ्लॅश), एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा). फ्रिजमधून काढल्यावर बाटलीवर दव सुरेख धरतं, पण फ्रेम लावेपर्यंत ओघळून लेबल भिजतं. समोरून सॉफ्टबॉक्स लावला की काचेत पांढरा चौकोन दिसतो आणि आतलं पेय मात्र काळपट. लिंबाच्या चकत्या, पुदिना, वाळू, कागदी छत्री, सगळं मांडून झालं. तरी उन्हाळा काही येत नाही. जाणकारांनी सांगा.

काचकाम:
फ्रिजचा नाद सोडा. बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवा. लेबल झाकून मॅट क्लिअर स्प्रेचा (चमक मारणारा पारदर्शक लेप) एक हात द्या, पूर्ण सुकू द्या. मग ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फवारा. थेंब तासभर तरी जागचे हलत नाहीत. (ही बाटली नंतर पिऊ नका. सांगावं लागतं, अनुभव आहे.) आणि एक, पेय जिथवर भरलंय तिथवरच दाट फवारा. खरं दव थंड भागावर धरतं; रिकाम्या मानेवरही तेवढेच थेंब असले तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

काळपटपणाचं म्हणाल तर, पेय उजळायला प्रकाश त्याच्या आरपार यायला हवा. बाटलीपेक्षा किंचित लहान चंदेरी कार्ड कापा, बाटलीच्या मागे कॅमेऱ्याला दिसणार नाही असं टेकवा आणि फ्लॅशच्या दिशेला थोडं वळवा. काचेच्या कडा हरवत असतील तर दोन्ही बाजूंना काळे कार्ड.

ओलीबाटली:
थेंबांचं जमलं! पण शेजारी पेयाचा ग्लास ठेवला, तर त्यात टाकलेला ॲक्रिलिकचा (प्लास्टिकचा खोटा) बर्फ थेट तळाला गेला. पेय कमी आणि मत्स्यालय जास्त वाटतंय.

काचकाम:
जाणारच. ॲक्रिलिकची घनता साधारण १.१८, पाण्यापेक्षा जास्त. आधी तळापासून काठापर्यंत तुकडे रचा, मगच पेय ओता. सगळ्यात वरचा थोडा बाहेर डोकावला पाहिजे.

सावलीवाली:
मला वाटतं खरी चूक सॉफ्टबॉक्सची आहे. सॉफ्टबॉक्स म्हणजे ढगाळ दिवस, आणि ढगाळ दिवसाला कुणाला तहान लागते? तो काढा. उघडा फ्लॅश बाजूने, उंचावरून, जमेल तितका लांब न्या, वर हाफ सीटीओ जेल (उजेड उन्हासारखा पिवळसर करणारा फिका नारिंगी कागद) लावा. सावलीची कड धारदार येईल आणि सावलीच्या मधोमध काचेतून आलेला हिरवा उजेड सांडेल. मग वाळू लागत नाही. छत्री तर नकोच नको.

आणखी एक आगाऊपणा. कामाखाली 'स्वयंप्रेरित प्रकल्प, ब्रँडशी संबंध नाही' असं स्पष्ट लिहा. क्लायंटच्या यादीत ते नाव घालू नका. मुलाखतीत 'त्यांच्याकडून ब्रीफ काय होतं?' असं विचारलं की तोंड बघण्यासारखं होतं. माझं झालं होतं.

ओलीबाटली:
चौथा रविवार. छत्री गेली, एकच चकती उरली, ओळही लिहून टाकली. हिरवा उजेड टेबलावर पडला तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो. फक्त नवी भानगड अशी की उघड्या फ्लॅशमुळे मागच्या कार्डाचीही सावली पडते, बाटलीच्या सावलीला चौकोनी कान फुटल्यासारखी.

काचकाम:
ट्रायपॉड हलवू नका. एक फ्रेम कार्डासकट, एक कार्डाशिवाय. मग एडिटिंगमध्ये दोन्ही जोडा: पहिलीतली फक्त बाटली घ्या, टेबल दुसरीतलं.

ओलीबाटली:
कार्ड काढताना बाटलीला धक्का लागला. पुन्हा पहिल्यापासून फवारतोय.